भिजलेले घर वाळते कसे?

चैत्रात धुतलेला सदरा दोरीवर टाकला, की तासाभरात खडखडीत वाळतो. तोच सदरा आषाढात दोन दिवस दमट राहतो आणि त्याला कुबट वासही येतो. सदरा तोच, पाणी तेवढेच, मग फरक कशामुळे पडला? या साध्या प्रश्नाचे उत्तर नीट समजले, तर एक फार मोठा प्रश्न सोडवता येतो: सदऱ्याऐवजी सारे घरच भिजले तर ते वाळवायचे कसे?

हा प्रश्न जगात अनेक ठिकाणी लोकांना पडला आहे. आपण त्यासाठी अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील एका गावाचे उदाहरण घेऊ. त्या गावाला नदी आहे, कडक थंडी आहे, दमट उन्हाळा आहे आणि शंभर-सव्वाशे वर्षांची लाकडी घरेही आहेत. पाण्याचे जवळजवळ सर्व खेळ तेथे एकाच जागी पाहायला मिळतात.

नदीकाठचे विद्यानगर

गावाचे नाव आयोवा सिटी. आयोवा नदीच्या काठी १८३९ साली ते वसवले गेले. १८४० साली तेथे राजधानीच्या इमारतीची कोनशिला बसली. पुढे १८५७ मध्ये राजधानी डे मॉइन या शहरी गेली आणि ही दगडी इमारत विद्यापीठाला मिळाली. विद्यापीठाची स्थापना १८४७ ची. पृथ्वीभोवतीच्या प्रारण-पट्ट्यांचा १९५८ साली शोध लावणारे भौतिकशास्त्रज्ञ जेम्स व्हॅन ॲलन याच विद्यापीठात शिकवत. जगभरच्या लेखकांना एकत्र आणणारा तेथील आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमही प्रसिद्ध आहे. आपले कवी दिलीप चित्रे १९७० च्या दशकात त्यासाठी तेथे राहिले होते.

नदीला पूर येऊ नये म्हणून गावाच्या वरच्या अंगाला कोरलव्हिल धरण बांधले गेले. ते १९५८ साली पूर्ण झाले. तरीही १९९३ साली पाणी सांडव्यावरून वाहिले. त्या लोंढ्याने सांडव्याखालची माती अशी काही धुऊन नेली, की सुमारे साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाचे जीवाश्म उघडे पडले! पुढे २००८ च्या जून महिन्यात पाणी पुन्हा सांडव्यावरून आले. गावातील मोजपट्टीवर २२ फूट ही पूररेषा आहे. १५ जून २००८ रोजी पाणी ३१.५३ फुटांवर, म्हणजे सुमारे ९.६ मीटरवर पोहोचले. विद्यापीठाच्या वीसहून अधिक इमारतींचे नुकसान झाले. ग्रंथालयाच्या तळघरातील पुस्तके विद्यार्थी व नागरिकांनी रांग लावून हातोहात वर नेली. नदीकाठच्या पार्कव्ह्यू टेरेस या वस्तीतील अनेक घरे पुढे शासनाच्या पैशातून विकत घेऊन पाडण्यात आली.

पण घर भिजण्यास पूरच लागतो असे नाही. हिवाळ्यात तेथील तापमान शून्याखाली वीस अंशांपर्यंतही उतरते. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. नळात बर्फाचा बोळा तयार झाला, की तो बोळा आणि बंद तोटी यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्यावर प्रचंड दाब येतो व नळ फुटतो. म्हणून कडाक्याच्या थंडीत तेथील लोक तोटी बारीक धारेने चालू ठेवतात. छतावरचा बर्फ घरातील उबेने वितळतो आणि वळचणीशी जाऊन पुन्हा गोठतो. तेथे बर्फाचा बांध तयार होतो आणि त्याच्यामागे साचलेले पाणी छपरातून आत झिरपते. आग विझवतानाही इमारत भिजते. नोव्हेंबर २००१ मध्ये त्या जुन्या राजधानीच्या इमारतीचा सोनेरी घुमट दुरुस्ती चालू असताना जळाला, तेव्हा आगीबरोबर पाण्यानेही इमारतीचे नुकसान केले. ती पुन्हा लोकांसाठी उघडण्यास २००६ साल उजाडले.

दोन घड्याळे

भिजलेले घर वाचवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एकाच वेळी दोन घड्याळे चालू असतात. पहिले घड्याळ बुरशीचे. तिचे बीजाणू हवेत सदैव असतातच. कागद, लाकूड, कापड ओले राहिले, तर चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत ते रुजू लागतात. दुसरे घड्याळ लाकडाचे व भिंतींचे. जाड तुळईच्या पोटातील पाणी पृष्ठभागापर्यंत येण्यास कित्येक आठवडे लागतात. घाई करून तुळईला कडक उष्णता दिली, तर बाहेरचा थर आधी वाळून आक्रसतो, आतला फुगलेलाच राहतो आणि लाकडाला भेगा पडतात. थोडक्यात, कुठे घाई करावी आणि कुठे धीर धरावा हे ओळखणे हेच या कामातले मर्म आहे. आता त्यामागचे भौतिकशास्त्र पाहू.

तळघर एकदम उपसू नये

थंड प्रदेशात हिवाळ्यात जमीनही गोठते. गोठलेली माती फुगून पाया उचलू नये म्हणून तेथे पाया मीटरभराहून अधिक खोल नेतात. एवढे खोदायचेच आहे, तर थोडे आणखी खोदून तळघर करावे, अशी तेथील रीत पडली. पूर आला, की पाणी प्रथम या तळघरात शिरते.

पूर ओसरताच पंप लावून तळघर रिकामे करावे असे कोणालाही वाटेल. पण थांबा! बाहेरची मातीही पाण्याने गच्च भरलेली आहे. समजा, बाहेर भूजलाची पातळी तळघराच्या जमिनीपासून २ मीटर उंच आहे. पाण्याचा दाब = खोली × घनता × गुरुत्वत्वरण. म्हणून भिंतीच्या तळाशी दाब २ × १००० × ९.८ = १९,६०० पास्कल होतो. वर तो शून्य असतो, म्हणून सरासरी दाब ९,८०० पास्कल. भिंत १० मीटर लांब असेल, तर तिचे भिजलेले क्षेत्रफळ २० चौरस मीटर आणि तिच्यावरील बल १,९६,००० न्यूटन. म्हणजे सुमारे २० टन वजनाइतका रेटा!

तळघरात पाणी असेपर्यंत आतूनही तेवढाच रेटा असतो आणि दोन्ही एकमेकांना तोलतात. आतले पाणी एकदम काढले, की हा तोल जातो. जुनी चुन्याची भिंत आत कोसळू शकते. जमिनीचीही तीच गत. १० सेंटिमीटर जाड काँक्रीटच्या एका चौरस मीटरचे वस्तुमान सुमारे २४० किलोग्रॅम असते, तर खालून वर ढकलणारा दाब त्या चौरस मीटरवर सुमारे २,००० किलोग्रॅम वजनाइतका. म्हणून जाणते लोक थोडे पाणी उपसतात, पातळीची खूण करतात आणि रात्रभर थांबतात. सकाळी पाणी खुणेच्या वर गेलेले दिसले, तर बाहेरची माती अजून भरलेली आहे असे समजावे. येथे धीर धरावा लागतो. अर्थात त्याआधी वीज बंद असल्याची खात्री हवीच. पाण्यात बुडालेल्या विजेच्या बटणांजवळ जाणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण.

उपसणे स्वस्त, उडवणे महाग

भिंतींचा धोका टळला, की पुढचे काम घाईचे. डोळ्यांना दिसणारे सारे पाणी पंपाने, बादलीने, फडक्याने बाहेर काढायचे. का? हिशेब करून पाहा.

एक लीटर पाणी तळघरातून ३ मीटर वर उचलण्यास १ × ९.८ × ३, म्हणजे सुमारे ३० जूल ऊर्जा लागते. तेच एक लीटर पाणी नेहमीच्या तापमानाला वाफ करून उडवायचे, तर त्याला सुमारे २४.५ लाख जूल अप्रकट उष्मा द्यावा लागतो. म्हणजे ऐंशी हजार पटींहून अधिक! द्रवरूपात निघू शकणारा प्रत्येक थेंब द्रवरूपातच काढावा, हा वाळवण्याचा पहिला नियम येथून येतो. ओले गालिचे आणि गाद्या प्रथम बाहेर काढतात तेही याच कारणाने.

एवढे करूनही लाकडात, गिलाव्यात, विटांत पाणी उरतेच. समजा ते २०० लीटर आहे. ते उडवण्यास ४९ कोटी जूल, म्हणजे सुमारे १३६ युनिट विजेइतकी उष्णता लागेल. ही उष्णता बाहेरून दिली नाही, तर पाणी ती भिंतींतून आणि हवेतून घेते. घर गार पडते आणि बाष्पीभवन मंदावते. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने ओले घर गार होते.

खिडक्या उघडाव्यात की बंद ठेवाव्यात?

आता सुरुवातीच्या सदऱ्याकडे वळू. हवेत बाष्प मावण्याला मर्यादा असते आणि ती तापमानाबरोबर झपाट्याने वाढते. एका घनमीटरमध्ये १८ अंश सेल्सिअसला सुमारे १५.४ ग्रॅम, २० अंशांना १७.३ ग्रॅम, तर ३० अंशांना ३०.४ ग्रॅम बाष्प मावते. चैत्रातली हवा या मर्यादेच्या फार खाली असते, म्हणून ती पाणी भराभर शोषते. आषाढातली हवा जवळजवळ भरलेली असते. तिच्यात जागाच नाही, मग सदऱ्यातले पाणी जाणार कोठे?

आयोवाचा उन्हाळा असाच दमट असतो. समजा बाहेर ३० अंश तापमान आणि ७० टक्के सापेक्ष आर्द्रता आहे. तेव्हा एका घनमीटर हवेत ३०.४ चे ७० टक्के, म्हणजे सुमारे २१.३ ग्रॅम बाष्प असते. तळघराच्या भिंती मात्र मातीच्या संगतीने १८ अंशांवर गार आहेत. खिडक्या उघडल्या, की ही हवा आत येते, गार होते आणि १५.४ ग्रॅमच्या वरचे बाष्प भिंतींवर दव होऊन बसते. दर घनमीटरला जवळजवळ ६ ग्रॅम! १५० घनमीटरच्या तळघरातील हवा एकदा बदलली, की सुमारे ९०० ग्रॅम पाणी आत आले. तासाला एकदा हवा बदलत राहिली आणि भिंती गारच राहिल्या, तर दिवसाला वीस लीटरांहून अधिक. घर वाळावे म्हणून खिडक्या उघडल्या आणि घर अधिकच भिजले!

हिवाळ्यात याच्या उलट घडते. उणे १० अंशांची हवा भरलेली असली, तरी तिच्यात घनमीटरला जेमतेम सव्वादोन ग्रॅम बाष्प असते. ती आत घेऊन २० अंशांपर्यंत तापवली, की तिची सापेक्ष आर्द्रता १२-१३ टक्क्यांवर येते. अशी हवा अतिशय तहानलेली असते. तेव्हा प्रश्नाचे उत्तर ‘उघडा’ किंवा ‘बंद करा’ असे एका शब्दात देता येत नाही. बाहेरच्या एका घनमीटरमध्ये बाष्प किती आणि आतल्या घनमीटरमध्ये किती, हे मोजून मग ठरवायचे. केवळ सापेक्ष आर्द्रतेची टक्केवारी पाहिली, तर फसगत होते.

बाहेरची हवा दमट असेल, तर खिडक्या लावून डीह्युमिडिफायर नावाचे यंत्र चालवतात. ते म्हणजे एक प्रकारचा शीतकपाटच असतो. पंखा खोलीतली हवा आधी थंड नळ्यांवरून नेतो. नळ्यांचे तापमान दवबिंदूच्या खाली असल्याने बाष्पाचे पाणी होऊन ते बादलीत ठिबकते. मग तीच हवा गरम नळ्यांवरून जाऊन खोलीत परतते. यातली गंमत लक्षात घ्या. बाष्पाचे पाणी होताना त्याने सोडलेला अप्रकट उष्मा यंत्र पुन्हा खोलीलाच देते. भिंतीने जी उष्णता गमावली, ती तिला परत मिळते. म्हणूनच हे यंत्र चालते त्या खोलीत हवा कोरडी तर होतेच, शिवाय उबदारही होते.

लाकूड श्वास घेते

लाकडात पाणी दोन प्रकारे असते. काही पाणी पेशींच्या पोकळीत मोकळे असते, काही पेशींच्या भित्तिकांत बांधलेले. मोकळे पाणी गेल्याने लाकडाचा आकार बदलत नाही. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के इतकेच पाणी उरले, की पोकळ्या रिकाम्या होतात. याच्या खाली लाकूड आक्रसू लागते. तेही सगळीकडे सारखे नाही. लांबीत बदल जवळजवळ नाहीच, पण वार्षिक वलयांच्या दिशेने होणारा बदल त्रिज्येच्या दिशेतील बदलाच्या साधारण दुप्पट असतो.

तेथील जुन्या घरांत ओक लाकडाच्या, एकमेकींत खाचेने अडकवलेल्या फळ्यांची जमीन असते. ओकच्या साध्या कापाच्या फळीतील पाणी ८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेले, तर तिची रुंदी सुमारे साडेतीन टक्क्यांनी वाढते. ४ मीटर रुंदीच्या खोलीत ही वाढ १४ सेंटिमीटर होते. जागाच नसल्याने फळ्या उचलल्या जातात. बहुधा खालची बाजू अधिक ओली असल्याने ती अधिक फुगते आणि प्रत्येक फळी उथळ पन्हळीसारखी वाकते.

अशा वेळी मालकाला वाटते, उंच झालेल्या कडा रंधून टाकाव्यात आणि जमीन सपाट करावी. पण त्यानंतर खालची बाजू वाळते, फळी पूर्ववत होऊ पाहते आणि कडा आधीच तासलेल्या असल्यामुळे मध्यभाग उंच राहतो. शंभर वर्षे टिकलेली जमीन अशा घाईने कायमची बिघडते. वाट पाहिली असती, तर तिच्यातील कित्येक फळ्या आपोआप सरळ झाल्या असत्या.

भिंती: जुन्या आणि नव्या

जुन्या घरांच्या भिंतींत लाकडी पट्ट्यांवर चुन्याचा गिलावा असतो. चुना भिजतो आणि पुन्हा वाळतो; त्यात बुरशीला खाण्यासारखे फारसे काही नसते. दुसऱ्या महायुद्धानंतर सर्वत्र रूढ झालेल्या जिप्समच्या तक्त्यांवर मात्र कागद चिकटवलेला असतो. ओला कागद ही बुरशीची मेजवानीच. म्हणून पुरात बुडालेले तक्ते कापून फेकून देतात. चुन्याचा गिलावा ठोकून, तपासून बहुधा राखता येतो. तरी जुन्या घराचे दोन धोके लक्षात ठेवावे लागतात. अनेक जुन्या घरांत भिंतींच्या आतली पोकळी तळघरापासून माळ्यापर्यंत सलग असते, त्यामुळे खालची दमट हवा थेट वर चढते. शिवाय १९७८ पूर्वीच्या रंगात शिसे असू शकते. तो घासताना उडणारी धूळ विषारी असते.

विटांच्या भिंतीत पाणी वर चढते ते केशाकर्षणाने. नळी जितकी बारीक, तितके पाणी उंच चढते. १ मिलिमीटर त्रिज्येच्या काचनळीत ते जेमतेम दीड सेंटिमीटर चढेल, ०.०१ मिलिमीटर त्रिज्येच्या छिद्रात दीड मीटरपर्यंत. प्रत्यक्ष भिंतीत ते तितके चढत नाही, कारण वाटेत पृष्ठभागावरून ते उडत असते. आता कोणी भिंत ‘पक्की’ करण्यासाठी तिला सिमेंटचा किंवा तैलरंगाचा घट्ट लेप दिला, तर उडण्याची वाट बंद होते आणि ओल आणखी वर सरकते. सांधे सिमेंटचे आणि विटा मऊ असतील, तर सारे पाणी विटेतून उडू पाहते. तिच्यातील क्षारांचे स्फटिक होतात, थंडीत आतले पाणी गोठते आणि विटेचा पापुद्रा सुटतो. म्हणून चुन्याच्या भिंतीची दुरुस्ती चुन्यानेच करावी. आपल्याकडील जुन्या वाड्यांच्या भिंतींना लोणा लागतो, त्यामागचे कारणही हेच. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात भिजलेल्या कोल्हापूर-सांगलीकडील घरांनाही हे सारे नियम तसेच लागू होते.

वाळले हे ओळखायचे कसे?

हाताला कोरडे लागणे पुरेसे नाही. ओली वस्तू वाळताना आरंभी आतले पाणी पृष्ठभागाला सतत पुरवले जाते आणि वजन एकसारख्या वेगाने घटते. पुढे पृष्ठभाग कोरडा पडतो आणि आतले पाणी वाफेच्या रूपाने हळूहळू वाट काढते. हा दुसरा टप्पाच लांबलचक असतो, आणि नेमक्या याच वेळी माणसाला वाटते की काम झाले! लगेच रंग लावला, तर पाणी आत कोंडते आणि महिन्याभरात बुरशी वर येते.

म्हणून लाकडात दोन टोकदार सुया खुपसून त्यांच्यामधला विद्युत्‌रोध मोजतात. कोरड्या लाकडाचा रोध ओल्याच्या लाखो पट असतो, त्यामुळे हे मापन फार संवेदनशील ठरते. त्याच घरातील न भिजलेल्या फळीचे मापन घ्यायचे आणि भिजलेली फळी त्याच आकड्यापाशी येईपर्यंत थांबायचे. लाकडातील पाणी २० टक्क्यांच्या खाली राहिले, तर ते कुजवणाऱ्या बुरशीला वाव मिळत नाही. भिंतीआडची ओल शोधण्यास अवरक्त कॅमेरा वापरतात. जेथे बाष्पीभवन चालू आहे, तेथे भिंत थोडी गार असते आणि चित्रात वेगळी दिसते.

पुस्तकांसाठी आणखी एक युक्ती आहे. ओली पुस्तके ताबडतोब गोठवतात. बुरशीचे घड्याळ थांबते! मग निर्वात पेटीत दाब ६११ पास्कलच्या, म्हणजे पाण्याच्या त्रिकबिंदूच्या दाबाच्या खाली नेतात. आता बर्फाचे पाणी न होता थेट वाफ होते, म्हणजे संप्लवन होते. पाणीच नाही, म्हणून शाई पसरत नाही आणि पाने चिकटत नाहीत.

करून पाहा

१. एक भाजलेली वीट रात्रभर पाण्यात बुडवा. बाहेर काढून पुसा आणि वजन करा. मग रोज ठरलेल्या वेळी वजन घ्या आणि दिवस-वजन असा आलेख काढा. तुमच्या मित्राने तशीच वीट बंद कपाटात ठेवावी. दोन आलेखांची तुलना करा. वीट ‘कोरडी दिसू लागली’ त्या दिवसावर खूण करा आणि त्यानंतर तिने आणखी किती पाणी सोडले ते पाहा.

२. दोन सारखे तापमापक घ्या. एकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळा. दोघांना पंख्याखाली ठेवा. श्रावणात आणि वैशाखात दोन्ही वाचनांतील फरक नोंदवा. फरक कमी-जास्त का होतो?

३. बाहेर २५ अंश तापमान आणि ८० टक्के सापेक्ष आर्द्रता आहे. खोलीच्या भिंती २० अंशांवर आहेत. २५ अंशांना घनमीटरमध्ये २३ ग्रॅम बाष्प मावते. खिडक्या उघडाल का? आकडेमोड करून ठरवा.

पूर ओसरल्यावर माणूस थकलेला, घाबरलेला असतो. कोणी म्हणते सारे पाडा, कोणी म्हणते दोन दिवसांत रंग लावून मोकळे व्हा. अशा वेळी तापमान, आर्द्रता आणि लाकडातील पाण्याचे प्रमाण हे तीन आकडे रोज वहीत लिहिणारा शेजारी फार उपयोगी पडतो. ते आकडे कसे वाचायचे हे तुम्हाला आता ठाऊक झाले आहे.